सातव्या ओळीतली चार अक्षरं

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "ठसे घेता म्हंजी पोलिसात हायसा का?"

मी नाही म्हटलं.

"मग ठसे कुनाचे घेता?"

"दगडांचे."

त्यांनी मध्यस्थाकडे पाहिलं. मध्यस्थानं घाईघाईनं सांगितलं की नोकरी सरकारी आहे, पगार दर महिन्याला होतो. तेवढ्यावर लग्न झालं. शांता चार वर्षांनी काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. पुढं घरात मी आणि माझे वडील, ज्यांना मी आबा म्हणायचो, अशी दोनच माणसं उरली. आबा गिरणीतून निवृत्त झालेले, छाती कापसानं भरलेली. मी महिन्यातले वीस दिवस सायकलवर नाहीतर एसटीत. आज माझ्या नोकरीबद्दल लिहा असा आग्रह झाला आहे म्हणून लिहितो. एरवी या कामाबद्दल कोणी विचारत नाही आणि मीही सांगत बसत नाही.

काम साधं होतं. सोलापूरच्या आसपास, खाली अक्कलकोट-मंगळवेढ्यापर्यंत, जुने कोरीव दगड खूप. देवळाच्या पायरीला, चावडीच्या भिंतीला, कुठं गोठ्यात गुरं बांधायला. त्यांच्यावर जुन्या कानडीत काहीबाही लिहिलेलं असतं. दगड उचलून कचेरीत आणता येत नाही, म्हणून त्याच्यावरची अक्षरं कागदावर उतरवून आणायची. दगड आधी पाण्यानं आणि ताठ ब्रशानं धुवायचा, शेवाळ, चुना, तेल सगळं काढायचं. मग एक खास चिवट कागद ओला करून त्याच्यावर बसवायचा आणि ब्रशानं ठोकत राहायचं. असं ठोकायचं की कागद प्रत्येक अक्षराच्या खाचेत शिरला पाहिजे, पण फाटला नाही पाहिजे. कागद अर्धवट सुकला की काजळी आणि डिंकाची शाई कापडी गादीला लावून वरून हलके हलके थापायची. खोल गेलेली अक्षरं पांढरी राहतात, बाकीचं सगळं काळं होतं. पूर्ण वाळला की कागद सोलून काढायचा. झाला ठसा.

एवढं सगळं करून मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, हे लोकांना खरं वाटत नाही. बोलायची कानडी मला येत होती, सोलापुरात वाढलेल्या माणसाला ती येतेच. पण ही लिपी जुनी, आजच्या कानडी माणसालाही न उमगणारी. दिवसदिवस मी त्या गोल गरगरीत अक्षरांवर हात फिरवायचो. कुठलं वळण उजवीकडं उघडं आहे, कुठलं खाली आकड्यासारखं जातं, हे माझ्या बोटांना पाठ होतं. अर्थ मात्र दुसऱ्याकडं.

तो दुसरा माणूस म्हणजे आप्पा. निवृत्त कानडी शिक्षक, लिंगायत, बाळीवेशीच्या आत जुन्या माडीवर राहायचे. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, हातात मोठं भिंग. आमच्या पुरातत्त्व खात्यानं त्यांना वाचनासाठी नेमलं होतं. मी ठसा घेऊन माडीवर जायचो, सतरंजीवर पसरायचो आणि ते रांगत रांगत त्याच्यावरून फिरायचे. पहिल्या वर्षी त्यांच्या घरी माझा चहाचा पेला वेगळा होता, खिडकीत पालथा घातलेला. दुसऱ्या वर्षी एकदा आप्पा स्वतःचा पेला माझ्यापुढं सरकवून खिडकीतल्या पेल्यातून चहा प्यायले. त्यांच्या बायकोनं ते पाहिलं. त्यानंतर तो पेला कुठं गेला कोण जाणे. कोणी काही बोललं नाही. आप्पांबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे.

गावोगावची माणसं मात्र बोलायची. सगळ्यांना एकच माहिती हवी असायची, धन कुठं पुरलंय. अक्कलकोटच्या बाजूला एका गावात एक गृहस्थ टिकाव घेऊन तीन दिवस माझ्यामागं फिरले. दगडावर वर चंद्र-सूर्य कोरलेले होते. "चंद्र हिकडं, सूर्य तिकडं, म्हंजी मधी खणायचं का?" असं त्यांनी मला बारा वेळा तरी विचारलं. शेवटी मी आप्पांकडून ऐकलेलं सांगितलं, की चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावं असा त्याचा अर्थ, कोणीतरी देवाला तेल दिलंय.

"तेल?"

"हो. दिव्याला."

"मग त्येच्यासाठी येवढा दगड कशाला कोरायचा!" म्हणत टिकाव खांद्यावर टाकून ते गेले. दगडानं फसवल्याचा राग त्यांनी माझ्यावर काढला नाही, हे त्यांचे उपकार.

दुसरा प्रश्न आडनावाचा. नाव सुदाम सांगितलं की माणसं थांबायची, पुढचं ऐकायला. सुरुवातीला मी सरळ बनसोडे म्हणून सांगत असे. एका गावात सकाळभर खपून मी वेशीतला दगड स्वच्छ केला, ठसा घेतला आणि कागद गुंडाळत असतानाच तिथल्या पुजाऱ्यानं दोन घागरी आणून माझ्यादेखत तो दगड पुन्हा धुतला. माझ्याइतका स्वच्छ त्याला धुता आला नाही, पण त्याचा धुण्याचा हेतू वेगळा होता. त्या दिवसापासून आडनाव विचारलं की मी म्हणायचो, "सरकारी माणूस." खाकी शर्ट होता, सायकलीला खात्याची पेटी होती. चालून जायचं. मात्र त्यामुळं कोणाच्या घरी जेवायला बसलो तर घास उतरत नसे, म्हणून मी कुणाच्या घरी जेवत नसे. झाडाखाली बसून डबा खायचो. वर्षानुवर्षं मी जेवढा दगडांशी बोललो असेन तेवढा माणसांशी बोललो नाही.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हाची ही गोष्ट. शहरात नळाला चार-चार दिवस पाणी नसे. त्याच सुमारास शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी सोलापूरचा इतिहास सांगणारी स्मरणिका काढायचं ठरवलं. मंडळाचे अध्यक्ष एक नामांकित वकील होते. आम्ही सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणायचो. त्यांना एकच गोष्ट शाबीत करायची होती, की सोळा गावं मिळून सोलापूर झालं. शाळेत आम्हालाही तेच शिकवलेलं. आप्पा म्हणत, जुन्या लेखांत नाव सोन्नलगी असं येतं, सोळाचा काही संबंध दिसत नाही. वकीलसाहेबांना ते पटत नसे. "आप्पा, पुरावा आणा. दगडावर लिहिलेला आणा," ते म्हणायचे.

आणि दुष्काळानंच पुरावा वर काढला. होटगी रस्त्याच्या बाजूला, शहर संपून शेतं लागतात तिथं एक वस्ती होती. तिथली मोठी दगडी विहीर जन्मात पहिल्यांदा आटली. तळाशी, गाळापासून हातभर उंचीवर, बांधकामात कोणे एके काळी उलटा बसवलेला एक कोरीव दगड उघडा पडला. एवढं पाणी असलेल्या विहिरीच्या तळाला लेख आहे हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. वस्तीतल्या एकानं मंडळाला कळवलं आणि मंडळानं आमच्या खात्याला. मी त्याच दुपारी सायकलला पेटी आणि पाण्याचा एक डबा बांधून निघालो. पाणी घरून न्यावं लागलं, कारण दगड धुवायला पाणी लागतं आणि त्या दिवसांत कोणाकडं दगडासाठी पाणी मागायची माझी हिंमत नव्हती.

विहिरीला अर्ध्यापर्यंत पायऱ्या होत्या, खाली शिडी लावली. तळाला उतरलो तर घोट्यापर्यंत गाळ, वर आभाळाचा एक गोल तुकडा. मी अनेक ठिकाणी एकटाच काम केलंय, पण त्या विहिरीत जसं एकटं वाटलं तसं कुठं वाटलं नाही. वर माणसं बोलत होती, त्यांचा आवाज घुमून यायचा आणि त्यातला शब्द कळायचा नाही. मनात दुसरंही होतं. आबांच्या उमेदीत त्यांना गावच्या विहिरीच्या कठड्याला हात लावायची मुभा नव्हती. मी मात्र तळाशी उभा होतो, आणि वर कोणाला माझं आडनाव माहीत नव्हतं.

दगड घासून काढला. बारा ओळी निघाल्या. अक्षरं सुरेख, पाण्याखाली राहिल्यानं ऊन-वाऱ्यानं न झिजलेली. पण सातव्या ओळीत दगडाचा टवका उडाला होता आणि त्याची धार चाकूसारखी. मला ती दिसली नाही. कागद बसवून ठोकायला लागलो तो नेमका तिथंच टर्रकन फाटला. तोवर अंधारून आलं. डब्यातलं पाणी संपलं होतं. मी वर आलो तेव्हा कळलं की उद्यापासून सरकारी टँकर इथं येणार आणि याच विहिरीत पाणी सोडणार. सकाळी दहाला पहिला टँकर.

म्हणजे दगड उद्या दहानंतर पाण्याखाली. आणि कधी तरी दुष्काळ हटला की कायमचा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पोचलो. विहिरीभोवती बायकांची रांग आधीच लागलेली, दोर आणि घागरी घेऊन. मी शिडी उतरलो. या वेळी सातव्या ओळीशी आल्यावर ब्रश खाली ठेवला आणि कागद बोटांनी दाबायला लागलो, एकेका खाचेत, सावकाश. चार अक्षरं होती त्या टवक्याच्या कडेला. त्या चार अक्षरांवर मी अर्धा तास घालवला असेल. पण विहिरीत ऊन नाही, वारा नाही, कागद वाळेना. वाळायच्या आधी शाई लावली तर सगळंच काळं होतं.

मी वाट बघत असताना वर टँकरचा भोंगा वाजला. कोणीतरी कठड्यावरून ओरडलं, "ए सरकारी, वर ये! पानी सोडायचंय!"

"अर्धा तास थांबा!" मी ओरडलो.

वर गलका झाला. मग एका बाईचा आवाज स्पष्ट आला, "अर्धा तास? अक्षरं पितोस व्हय रं तू?"

सगळ्या हसल्या. ती खोटं बोलत नव्हती. पहाटेपासून उभ्या असलेल्या बायकांना मी कागद वाळायची वाट बघायला लावत होतो. शिडी चढून वर गेलो आणि हात जोडले. मला वाचता येत नव्हतंच, तरी ठोकून म्हटलं, "या दगडावर आपलं सोलापूर कुणी वसवलं ते लिहिलंय. आज राहिलं तर परत दिसायचं नाही."

रांगेत पुढंच एक म्हातारी उभी होती. गंगव्वा. ती मराठी आणि कानडी दोन्ही एकाच वाक्यात बोलायची. तिनं विचारलं, "सोलापूर कोण बांधलं ते लिवलंय? खरंच?"

"खरंच."

"आन तू कुणाचा रे, तम्मा?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी म्हटलं, "सरकारी माणूस, अव्वा."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग टँकरवाल्याला म्हणाली, "थांब की रे. येवढी वर्सं थांबलाय दगड, तू अर्धा तास थांब." आणि मला म्हणाली, "वाचून झाल्यावर मला येऊन सांगायचं. काय लिवलंय ते. विसरायचं न्हाय."

"येतो," मी म्हणालो.

मी अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास घेतला. शाई थापून झाली, काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटत गेली, सातवी ओळसुद्धा. ओलसर असतानाच कागद सोलला आणि छातीशी धरून शिडी चढलो. कोणी शिव्या दिल्या नाहीत. मी बाजूला होताच टँकरचा पाइप विहिरीत सोडला गेला आणि बायका कठड्यावर वाकल्या. माझ्या कागदाकडं कोणी पाहिलं नाही.

दोन दिवसांनी ठसा आप्पांच्या सतरंजीवर पसरला. त्या वेळी त्यांना मोतीबिंदू व्हायला लागला होता, भिंग नाकाशी धरून वाचत. वरती चंद्र, सूर्य, गाय-वासरू. पहिल्या चार ओळी राजाच्या पदव्यांच्या, त्या ते नेहमी भराभर म्हणून टाकत. पाचव्या ओळीवर थांबले. "सुदाम! सोन्नलगी! नाव आहे इथं. बघ, हे बघ."

मी पाहिलं. मला गोल अक्षरं दिसली. पण आप्पांचा आवाज कापत होता, म्हणून मलाही भरून आलं.

"सोळा गावं आहेत का?"

"एकच गाव आहे रे. लहानसं. तळ्याची डागडुजी चालावी म्हणून गावाशेजारचं एक शेत दान दिलंय. एवढंच." ते हसले. "आपल्या सोलापूरचं मूळ म्हणजे एक शेत आणि एक तळं. वकीलसाहेबांना कसं सांगायचं?"

मग त्यांनी शेताच्या चतुःसीमा वाचायला घेतल्या. दान दिलेल्या जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहायची पद्धत असते. दक्षिणेला मोठा खडक. पश्चिमेला वाट. उत्तरेला वडाचं झाड. "आणि मग पुढं शाप आहे, जो कोणी हे दान मोडील त्याला..."

"आप्पा," मी म्हणालो, "चार अक्षरं राहिली."

"कुठं?"

"सातव्या ओळीत. टवक्याच्या कडेला. मी बोटांनी घेतलीत ती."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "ते सीमेचंच आहे. पूर्वेचं."

"काय आहे पूर्वेला?"

"राहू दे की सुदाम."

"वाचा की, आप्पा."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडं न बघता वाचलं, "होलगेरी."

इतक्या वर्षांत दगडावरचा हा पहिला शब्द, जो मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. अक्कलकोटकडच्या गावांत आमच्या वस्तीला, महारवाड्याला, कानडीत अजूनही तेच म्हणत. शेताच्या पूर्वेला आमची वस्ती होती.

आप्पा म्हणाले, "म्हणजे बघ, गाव लहान होतं, तळं होतं, तेव्हा तुमची माणसं इथं होतीच. राजांच्या पदव्या मोप सापडतील. पण हे सापडत नाही. मी पूर्ण वाचन लिहून देणार आहे, या शब्दासकट."

त्या दिवशी मी सायकल हातात धरून घरी चालत गेलो. बसावंसंच वाटेना. शहराकडं बघत होतो, वेशीकडं, किल्ल्याच्या बुरुजाकडं, गिरणीच्या चिमणीकडं. मला वाटत होतं की हे सगळं नंतर आलं.

मंडळाची बैठक आठवड्याभरात झाली. मी मागं भिंतीशी, गुंडाळलेला ठसा घेऊन उभा. सोळा गावं नाहीत म्हटल्यावर वकीलसाहेबांचा चेहरा पडला, पण जुनं नाव मिळालं म्हणून सावरले. ठशाचं छायाचित्र पूर्ण पानभर छापायचं, खाली मराठी अनुवाद द्यायचा, असं ठरलं. आप्पांनी अनुवाद वाचून दाखवला. पूर्वेच्या सीमेशी आल्यावर त्यांनी शब्द गाळला नाही. सरळ वाचला.

वकीलसाहेबांनी हात वर केला. "हा शब्द कशाला? शहराच्या गौरवाची स्मरणिका आहे. उगाच कुणाला दुखावायचं."

"लेखात आहे म्हणून," आप्पा म्हणाले.

"लेखात वडाचं झाडही आहे. सगळ्या सीमाच गाळू. 'चतुःसीमा नमूद केल्या आहेत' एवढं पुरे." मग त्यांची नजर भिंतीकडं वळली. आवाज मऊ होता, मला खरंच विचारल्यासारखा. "काय बनसोडे? तुमच्याच लोकांना वाईट वाटेल की नाही हे छापलं तर?"

खोलीतली सगळी माणसं माझ्याकडं वळली. मला तिथं कोणी कधी काही विचारलं नव्हतं. आप्पा माझ्याकडं बघत होते. म्हणायचं होतं ते तयार होतं, आठ दिवस मनात घोळवलेलं. आम्हाला वाईट वाटत नाही साहेब, आम्ही होतो हे छापा.

मी म्हणालो, "साहेब म्हणतील तसं."

विषय संपला. चहा आला.

परत येताना आप्पा माझ्या सायकलशेजारून चालत होते. माडीच्या जिन्याशी थांबले. "तू म्हणाला असतास तर मी अडून बसलो असतो, सुदाम. सही केली नसती."

"चुकलंच आप्पा."

"माझंही. तुझ्यावर टाकायला नको होतं." आणि जिना चढून गेले. त्यानंतरही मी ठसे घेऊन जात राहिलो, त्यांना दिसेनासं होईपर्यंत. काम चाललं, चहा चालला. पण पूर्वी मी 'पुढं काय लिहिलंय' विचारायचो, तसं विचारणं बंद झालं. ते सांगतील तेवढं मी ऐकायचो.

स्मरणिका निघाली. ठसा पानभर छापलेला, उत्तम आला होता. माझं नाव कुठं नव्हतं, ते नसतंच. गंमत अशी की अनुवादात शब्द गाळला तरी छायाचित्रात सातवी ओळ जशीच्या तशी होती. हजारो प्रतींत ती चार अक्षरं शहरभर गेली आणि कोणाला वाचता आली नाहीत.

गंगव्वाकडं मी गेलो नाही. काय सांगणार होतो? शेत, तळं, खडक, वड एवढं सांगून पूर्वेचं गाळलं असतं तर वकीलसाहेबांत आणि माझ्यात काय फरक? आणि सगळं सांगितलं असतं तर ती 'तू कुणाचा' हे पुन्हा विचारणार, आणि या वेळी खरं सांगावं लागणार. ज्या विहिरीच्या तळाशी मी दोन दिवस उभा होतो त्या विहिरीचं पाणी ती पीत होती. तिनं मला शिवी दिली असती असं मला अजूनही वाटत नाही. कदाचित म्हणाली असती, बस की तम्मा. मला ते कळलंच नाही, कारण मी गेलोच नाही. उद्या जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ करत वर्षं गेली. पुढं तिथं कॉलनी झाली, विहीर मुरमानं भरून टाकली. वस्तीतली जुनी माणसं कुठं पांगली ते कोणाला सांगता आलं नाही.

पण स्मरणिका निघाली त्याच आठवड्यातली एक संध्याकाळ सांगायची राहिली.

पहिल्या दिवशी फाटलेला कागद मी टाकून दिला नव्हता. खात्याला त्याचा उपयोग नव्हता. त्याच्यावर मी घरीच शाई फिरवली होती. खोल दाबलेल्या खुणा कागदात वाळून टिकतात. सातव्या ओळीत चीर गेली होती, पण ती चार अक्षरं चिरेच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी उमटली होती. बैठकीत मी तोंड उघडलं नव्हतं. त्याची भरपाई कुठंतरी करावी असं वाटत होतं, आणि त्यासाठी मला जगात एकच माणूस होता.

आबा दारात बाजेवर बसले होते, खोकत. मी कागद त्यांच्यापुढं पसरला, कोपऱ्यांवर तांब्या, वाटी ठेवली.

"हे काय?"

"आबा, यात आपण आहोत."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कुटं?"

मी त्यांचं बोट धरून सातव्या ओळीवर ठेवलं. "हितं. आपली वस्ती लिहिलीय. सोलापूर एवढंसं खेडं होतं तवापासून आपण हितं हाय. तळं होतं, शेत होतं, आन आपण होतो."

ते खरंच हरखले. सांगोल्याकडून गिरणीत आलेला माणूस, साऱ्या जन्मात त्यांना या शहरानं कधी आपलं म्हटलं नव्हतं. "असं म्हन्तोस? दगडावर हाय?"

"दगडावर."

"दाव बरं कसं कसं हुतं."

मी खाली बसलो आणि जमिनीवर बोटानं आखून दाखवलं. हे गाव. हे तळं. हे मधलं शेत, दान दिलेलं. इकडं खडक, इकडं वाट, इकडं वड. आणि शेताच्या पलीकडं, पूर्वेला, ही आपली वस्ती.

आबा पुढं वाकून बघत राहिले. गावाच्या खुणेवर त्यांनी बोट ठेवलं, तिथून ते शेतावरून ओढत आमच्या वस्तीपर्यंत आणलं. एकदा आणलं, पुन्हा आणलं.

"म्हंजी तवा बी गावाच्या भाईरच की," ते म्हणाले.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. विचारल्याचं उत्तर मिळावं तसं ते म्हणाले होते.

त्यांच्या बोटाला ठशाची काजळी लागली होती. ती त्यांनी धोतराला पुसली, कागदावरचा तांब्या उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "उचल आता. भाकरी वाढ."